भाड्याने देण्याचे घर : खरेदी व दुरुस्ती (शहापूर तालुका)

भाड्याने देण्याच्या हेतूने घर विकत घेणे, ते राहण्यायोग्य करणे आणि त्यापासून नियमित उत्पन्न मिळविणे हा महाराष्ट्रात रुळलेला गुंतवणुकीचा एक प्रकार आहे. प्रस्तुत लेखात या व्यवहाराची माहिती ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्याच्या, विशेषतः खर्डी–उंबरमाळी–कसारा या रेल्वेपट्ट्याच्या संदर्भात दिली आहे. शहरातील सदनिकेच्या खरेदीत जागेचा दर आणि येणारे भाडे हे दोन आकडे बहुधा निर्णायक ठरतात. या पट्ट्यात मात्र जमिनीचा कायदेशीर प्रकार, उन्हाळ्यातील पाणी आणि पावसाळ्यातील छप्पर या तीन गोष्टींवर गुंतवणुकीचे यशापयश अवलंबून असते.

पार्श्वभूमी

उंबरमाळी हे मध्य रेल्वेच्या कल्याण–कसारा मार्गावरील खर्डी आणि कसारा यांच्या दरम्यानचे स्थानक आहे. येथून पुढे थळ घाटाचा (कसारा घाट) चढ सुरू होतो. कसाऱ्यापर्यंतचा लोहमार्ग १८६१ मध्ये, तर घाटातून इगतपुरीपर्यंतचा मार्ग १८६५ मध्ये वाहतुकीस खुला झाला. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून कसारा सुमारे १२१ किलोमीटर अंतरावर असून मुंबईची उपनगरी लोकल येथपर्यंतच धावते. मुंबई–नाशिक महामार्ग याच परिसरातून जातो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा अखेरचा टप्पा शहापूर तालुक्यातून जातो. तो ५ जून २०२५ रोजी खुला झाला.

लोकल, महामार्ग आणि तुलनेने स्वस्त जागा यांमुळे वासिंद, आसनगाव, आटगाव व खर्डी या गावांभोवती घरबांधणी वाढली. कसाऱ्याच्या बाजूला मागणीचे स्वरूप वेगळे आहे. येथे भाड्याचे घर शोधणाऱ्यांत बदलीवर आलेले शिक्षक, आरोग्य कर्मचारी, रेल्वेतील नोकरदार आणि महामार्गाच्या किंवा गोदामांच्या कामावर आलेले कामगार असा वर्ग असतो. हा भाडेकरू दर्जेदार फरशीपेक्षा स्थानकापासूनचे अंतर, पाणी आणि शौचालय आधी पाहतो. बदली झाली किंवा काम संपले की तो घर सोडतो. त्यामुळे घर काही काळ रिकामे राहणे ही येथे अपवादात्मक बाब नसून हिशेबात आधीच धरावयाची गोष्ट आहे.

भाड्याच्या घरांची दुरुस्ती कोणी करावी, हा महाराष्ट्रातील जुना वाद आहे. मुंबईत पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ मध्ये, भाड्यावर पहिल्यांदा कायदेशीर निर्बंध आले. पुढे १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने अनेक घरांचे प्रमाणभूत भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविले. भाडे गोठले, तरी विटा, चुना व मजुरी यांचे दर वाढतच राहिले. परिणामी मालकांनी चाळींच्या डागडुजीकडे पाठ फिरविली आणि १९६९ मध्ये स्वतंत्र कायदा करून मुंबई शहरातील १९,६४२ जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी उपकर व मंडळ यांची व्यवस्था करावी लागली. गोठविलेल्या भाड्याच्या तरतुदी आता वाजवी राहिलेल्या नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात म्हटले. त्यानंतर आलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आहे.

जमिनीचा प्रकार

घराची पाहणी करण्यापूर्वी जमिनीचे कागद पाहावे, हा सल्ला सर्वत्र दिला जातो. शहापूर तालुक्यात तो अधिक गांभीर्याने घ्यावा लागतो, कारण हा संपूर्ण तालुका राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात मोडतो. शेजारच्या मुरबाड तालुक्यातील काही गावेही या क्षेत्रात आहेत. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी व वारली या जमातींची वस्ती येथे मोठी आहे.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम ३६ आणि ३६अ यांनुसार आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासी व्यक्तीकडे परवानगीशिवाय हस्तांतरित होऊ शकत नाही. हस्तांतरणात विक्रीप्रमाणेच बक्षीस, अदलाबदल, गहाण आणि भाडेपट्टा यांचाही समावेश होतो. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्यास किंवा गहाणास जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. विक्रीसाठी त्याखेरीज राज्य शासनाची पूर्वमान्यता लागते, आणि अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेची संमतीही आवश्यक आहे. नियमभंग करून झालेल्या व्यवहाराची चौकशी जिल्हाधिकारी अर्जावरून किंवा स्वतःहून करू शकतात आणि तो व्यवहार अवैध ठरवू शकतात. अशा वेळी जमिनीवर बांधलेले अथवा दुरुस्त केलेले घर हा खरेदीदाराच्या बाजूचा युक्तिवाद ठरत नाही.

ही तरतूद कागदोपत्री अडथळा म्हणून पाहिली जाते, ते योग्य नाही. कर्ज, दारिद्र्य व फसवणूक यांमुळे आदिवासी कुटुंबांच्या हातून गेलेल्या जमिनींचा मोठा इतिहास तिच्यामागे आहे. त्याच कारणासाठी १९७४ चा जमिनी परत करण्याविषयीचा कायदाही करावा लागला. स्थानिक आदिवासी व्यक्तीच्या नावावर जमीन ठेवून प्रत्यक्ष पैसा बाहेरच्याने घालण्याची जी पद्धत आढळते, तिच्यात दोघांचेही नुकसान होते. मूळ मालकाच्या नावावर परक्याचे दायित्व चढते, आणि पैसा घालणाऱ्याला न्यायालयात दाखविण्याजोगा कोणताही हक्क मिळत नाही.

सातबारा उतारा वाचताना भोगवटादार वर्ग, ‘इतर हक्क’ हा रकाना आणि फेरफारांची साखळी या तीन गोष्टी पाहाव्यात. भोगवटादार वर्ग २ असल्यास विक्रीवर शासकीय अट असते. कुळकायद्याने मिळालेल्या जमिनीच्या विक्रीवर निर्बंध असू शकतात. खासगी वनाची नोंद असेल तर बांधकामाचा प्रश्नच गुंतागुंतीचा होतो. तानसा अभयारण्य आणि धरणांची संपादित क्षेत्रे जवळ असल्यामुळे वन, पाटबंधारे अथवा रेल्वे यांच्या हद्दीला लागून असलेल्या जागेची मोजणी करून घेणे इष्ट ठरते. शेतजमीन असल्यास ती सर्वसाधारणपणे शेतकरी असलेल्या व्यक्तीलाच विकत घेता येते (कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८, कलम ६३). एक-दोन गुंठ्यांचे तुकडे विकताना तुकडेबंदी कायदाही आड येतो. चाळीस गुंठे म्हणजे एक एकर आणि एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. जाहिरातीतील ‘दोन गुंठ्यांत बंगला’ या शब्दांमागे बिनशेती परवानगी आणि मंजूर अभिन्यास आहे का, हे विचारावेच लागते.

गावठाणातील घरांची स्थिती निराळी असते. जुन्या गावठाणातील घरांना सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा असून त्यावर घरपट्टी कोणाकडून घ्यावयाची एवढेच नोंदविलेले असते. तो मालकीचा पुरावा नाही, हे न्यायालयांनी अनेकदा सांगितले असले तरी गावोगाव अजूनही नमुना ८ वर नाव लागले म्हणजे घर झाले, असा समज आढळतो. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांचे ड्रोनद्वारे मोजमाप करून मिळकत पत्रिका दिल्या जातात. ज्या गावात ही पत्रिका तयार झाली आहे तेथे ती पाहूनच व्यवहार करावा.

नव्या गृहसंकुलातील सदनिका घ्यावयाची असल्यास प्रकल्प महारेराकडे नोंदलेला आहे का ते पाहावे. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक आणि सदनिका आठांपेक्षा अधिक असल्यास नोंदणी सक्तीची आहे. आठ-आठ सदनिकांच्या वेगवेगळ्या इमारती दाखवून नोंदणी टाळली आहे काय, अशीही शंका घ्यावी.

खरेदी नोंदणीकृत दस्तानेच पूर्ण होते. नोटरीसमोर केलेला कागद, साठेकरार अथवा कुलमुखत्यारपत्र यांनी मालकी मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प विरुद्ध हरियाणा राज्य (२०११) या प्रकरणात हे स्पष्ट केले आहे. दस्तापूर्वी वकिलाकडून सुमारे तीस वर्षांचा शोध अहवाल घेण्याची प्रथा आहे. तो खर्च वाचविणे हा या व्यवहारातील सर्वांत महाग काटकसरीचा प्रकार होय.

उत्पन्नाचा हिशेब

भाड्याचे उत्पन्न मोजताना वर्षाचे भाडे भागिले खरेदी किंमत, असे सरळ गणित केले जाते. ते दोन ठिकाणी चुकते. खर्चात मुद्रांक शुल्क, नोंदणी व सुरुवातीची दुरुस्ती धरलेली नसते, आणि उत्पन्नातून रिकामे महिने व देखभाल वजा केलेली नसते.

पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. एखादे लहान घर ७,५०,००० रुपयांस घेतले, दस्त व वकील यांवर ५०,००० आणि दुरुस्तीवर २,००,००० रुपये खर्च झाले, तर एकूण गुंतवणूक १०,००,००० रुपये होते. भाडे दरमहा ४,००० रुपये असल्यास वर्षाचे ४८,००० रुपये, म्हणजे ४.८ टक्के दिसतात. वर्षात एक महिना घर रिकामे राहिले (४,०००), घरपट्टी २,००० रुपये भरली आणि शाकारणी, रंग, नळ इत्यादींवर ८,००० रुपये गेले, तर हाती ३४,००० रुपये म्हणजे ३.४ टक्के उरतात. पाण्याअभावी एप्रिल-मे हे आणखी दोन महिने भाडेकरू टिकला नाही, तर हाच आकडा २६,००० रुपये, म्हणजे २.६ टक्क्यांवर येतो. मुदत ठेवीचे व्याज बहुधा याहून अधिक असते. त्यामुळे अशा घरामागील मुख्य अपेक्षा जागेची किंमत वाढण्याची असते, आणि ती वाढ कधी व किती होईल हे कोणालाही खात्रीने सांगता येत नाही.

याच हिशेबावरून दुरुस्तीचा क्रम ठरतो. स्वयंपाकघर व न्हाणीघर यांना चकचकीत टाइल्स लावण्यावर १,५०,००० रुपये खर्चून भाडे दरमहा ५०० रुपयांनी वाढले, तर खर्च भरून येण्यास २५ वर्षे लागतात. जमिनीखालील टाकी व पंप यांवर २५,००० रुपये खर्चून दोन रिकामे महिने वाचले, तर वर्षाला ८,००० रुपये वाचतात आणि खर्च सुमारे तीन वर्षांत वसूल होतो. भाड्याच्या घरात डोळ्यांना दिसणारी दुरुस्ती क्वचितच फायद्याची ठरते.

दुरुस्ती

पाहणीची वेळ

घर शक्यतो जुलै-ऑगस्टमध्ये पाहावे. फेब्रुवारीत पाहिलेल्या घराच्या भिंती कोरड्या व नव्याने रंगविलेल्या असतात आणि गळती कोठे आहे हे समजत नाही. पावसाळ्यात पाहणी शक्य नसल्यास छताच्या कोपऱ्यांतील पिवळसर वलये, भिंतीच्या तळाशी एखाद्या हातापर्यंत चढलेली ओल आणि बोट लावताच गळणारा पांढरा लोणा या खुणा शोधाव्यात. केवळ एकाच खोलीला ताजा ऑइल पेंट लावलेला असेल, तर त्यामागचे कारण विचारावे.

छप्पर

या भागातील जुन्या घरांत दगडी जोते, कुडाच्या (कारवीच्या कामट्यांवर माती-शेणाचा लेप दिलेल्या) किंवा विटांच्या भिंती आणि लाकडी वाशांवर कौले अशी रचना आढळते. कौलारू छपराची शाकारणी, म्हणजे फुटकी कौले बदलून सर्व कौले नव्याने लावणे, दरवर्षी पावसापूर्वी करावी लागते. वानरांचा उपद्रव असलेल्या गावांत ती पावसाळ्याच्या मधोमधही करावी लागू शकते. कौले उतरविली असतानाच आढे, वासे आणि रिपा टणत्काराने तपासाव्यात. पोकळ आवाज येणाऱ्या वाशाला वाळवी लागलेली असण्याचा संभव असतो. एखादा वासा बदलण्याचा खर्च थोडा असतो, परंतु आढे खचल्यास संपूर्ण छप्पर उतरवावे लागते.

कौले काढून पत्रे घालण्याकडे कल वाढला आहे. पत्र्याचे छप्पर हलके व स्वस्त असते, मात्र उन्हाळ्यात घर तापते आणि पावसाच्या आवाजात बोलणे ऐकू येत नाही. पत्रे घातल्यास स्क्रूखाली रबरी वॉशर, पुरेशी चढण आणि वाऱ्याने न उचलली जाणारी बांधणी हवी. जुने सिमेंटचे पत्रे अस्बेस्टॉसयुक्त असू शकतात. ते फोडू, कापू वा घासू नयेत, कारण त्यांची धूळ फुप्फुसांना घातक आहे.

स्लॅबच्या घरात सळ्या गंजून सिमेंटचे पापुद्रे सुटले असतील तर वरून गिलावा करणे म्हणजे रोग झाकणे होय. सैल काँक्रीट काढून, सळ्या साफ करून, योग्य मसाल्याने भाग भरावा लागतो, आणि सळीची जाडी बरीच घटली असल्यास अभियंत्याचा सल्ला घ्यावा लागतो. गच्चीवरील गळतीसाठी विटांच्या तुकड्यांचा कोबा ही परिचित पद्धत आहे. कोब्याला पन्हळीकडे स्पष्ट उतार असावा. पानांनी तोंड बुजलेली पन्हळ ही गच्ची गळण्याच्या सर्वांत सामान्य आणि सर्वांत दुर्लक्षित कारणांपैकी एक आहे.

भिंतींतील ओल

मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या भिंतीवर बाहेरून घट्ट सिमेंटचा गिलावा केल्यास आतील ओल बाहेर पडू शकत नाही. एक-दोन पावसाळ्यांत गिलावा फुगून सुटतो आणि त्याबरोबर भिंतीचा थरही निघतो. अशा भिंतींना चुन्याचा किंवा मातीचा लेपच मानवतो. जोत्याभोवती फरशीची पट्टी व उताराचे गटार केले आणि पागोळ्यांचे पाणी भिंतीपासून दूर नेले, तर निम्मी ओल रंगावर एक रुपयाही न घालता कमी होते.

पाणी

मुंबईला पाणी पुरविणारी तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत, तरीही तालुक्यातील अनेक गावपाड्यांना उन्हाळ्याच्या अखेरीस टँकरची वाट पाहावी लागते. कातळ, तीव्र उतार आणि साठवणीचा अभाव यांमुळे चार महिने धो-धो पडलेले पाणी वाहून जाते. घर घेण्यापूर्वी मे महिन्यात नळाला किती दिवसांआड पाणी येते, हे विक्रेत्याऐवजी शेजारच्या घरातील स्त्रियांना विचारावे. पाणी भरण्याचे काम बहुतेक त्यांच्याकडेच असते.

जल जीवन मिशनने दरडोई रोज ५५ लिटर हे प्रमाण धरले आहे. त्या हिशेबाने चार माणसांच्या कुटुंबास रोज २२० लिटर पाणी लागते. १,००० लिटरची टाकी साडेचार दिवस, तर ५,००० लिटरची भूमिगत टाकी सुमारे २२ दिवस पुरते. छपरावरील पाण्याचा अंदाजही सोपा आहे. ५० चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस पडला की ५० लिटर पाणी जमते, आणि वाया जाणारा भाग वगळता १०० मिलिमीटर पावसात सुमारे ४,००० लिटर हाती लागते. पावसाळ्यानंतरचे आठ महिने पुरेल एवढी साठवण लहान घरात परवडत नाही. म्हणून पहिल्या सरींचे घाण पाणी सोडून देऊन उरलेले गाळणीतून विहिरीत अथवा बोअरवेलजवळच्या शोषखड्ड्यात सोडणे अधिक व्यवहार्य ठरते.

शौचालय व वीज

शौचालय घरापासून वेगळे व सामाईक असल्यास कुटुंबे घर घेण्यास कचरतात. सेप्टिक टाकी किंवा शोषखड्डे विहिरीपासून शक्य तितके दूर व उताराच्या खालच्या अंगाला असावेत. दोन शोषखड्ड्यांच्या पद्धतीत एक भरला की दुसरा वापरता येतो आणि टाकी उपसण्याच्या वाहनावर अवलंबून राहावे लागत नाही, म्हणून अरुंद वाटेच्या पाड्यांत ती सोयीची पडते.

जुन्या वायरिंगमध्ये अर्थिंग नसते किंवा नावापुरतेच असते. ओलसर भिंतींच्या घरात हा धोका प्राणघातक आहे. नवे अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच यांवरील खर्च भाडे वाढवीत नसला, तरी तो टाळण्याजोगा नाही. महावितरणचा मीटर खरेदीदाराच्या नावावर करून घ्यावा आणि मागील थकबाकी नाही याची खात्री करावी.

कामाचा हंगाम

गवंडीकाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात उरकणे उत्तम. सिमेंटच्या कामावर किमान सात दिवस पाणी मारावे लागते, आणि एप्रिलमध्ये पिण्यासच पाणी नसताना ते मिळत नाही. घाईने सुकविलेला गिलावा पहिल्याच पावसात तडकतो. शाकारणी मात्र मे महिन्यातच करावी, म्हणजे मधल्या काळात कौले पुन्हा हलत नाहीत.

भाडेकरार

महाराष्ट्रात राहण्याची जागा बहुधा लिव्ह अँड लायसन्स कराराने दिली जाते. या करारात वापरण्याची परवानगी मिळते, जागेत हक्क निर्माण होत नाही. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हा समज व्यापक असला तरी चुकीचा आहे. केंद्रीय कायद्यांनुसार एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी लागते, तेथून हा समज निघाला. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ नुसार करार कितीही मुदतीचा असला तरी तो लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसल्यास, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. मालकास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षेची तरतूद आहे.

हा अधिनियम त्याच्या अनुसूचींत नमूद केलेल्या व पूर्वीच्या भाडे कायद्यांखाली आलेल्या क्षेत्रांना लागू होतो. राज्यातील प्रत्येक गावाला तो आपोआप लागू होत नाही. ज्या गावाला तो लागू नाही तेथे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ व करारातील अटी यांवर संबंध ठरतात. तेथेही नोंदणीकृत करारच सुरक्षित असतो.

लिव्ह अँड लायसन्स करारावर एकूण भाडे अधिक परताव्याच्या अनामत रकमेवरील वार्षिक १० टक्के दराने धरलेले व्याज, या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क आकारले जाते. दोन वर्षांच्या मुदतीसाठी दरमहा ४,००० रुपये भाडे (एकूण ९६,०००) आणि २०,००० रुपये अनामत असल्यास व्याजाचे ४,००० रुपये मिळवून रक्कम १,००,००० होते आणि शुल्क २५० रुपये येते. नोंदणी शुल्क ग्रामीण भागात ५०० व शहरी भागात १,००० रुपये आहे. ही नोंदणी घरबसल्या ऑनलाइनही करता येते. एवढ्या अल्प खर्चासाठी नोटरीच्या कागदावर भागविणे समजण्यापलीकडचे आहे.

दुरुस्तीची जबाबदारी

करारात वेगळे ठरले नसेल तर घर राहण्यायोग्य ठेवणे हे कलम १४ नुसार मालकाचे कर्तव्य आहे. भाडेकरूने किमान १५ दिवसांची नोटीस दिल्यानंतरही मालकाने वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात ही रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा अधिक असू शकत नाही. ४,००० रुपये भाड्याच्या घरात ही मर्यादा वर्षाला १२,००० रुपये होते. शाकारणी कोणी करावयाची, पंप जळल्यास खर्च कोणाचा, टँकर मागविल्यास पैसे कोणी द्यावयाचे, हे या भागातील करारात शब्दशः लिहिणे आवश्यक आहे. छापील नमुन्यांत या बाबी नसतात, आणि भांडणे बहुधा त्यांवरूनच होतात.

कायद्याच्या कक्षेतील जुन्या भाडेकरूच्या बाबतीत दरवर्षी ४ टक्के भाडेवाढ करता येते. सुधारणा अथवा रचनात्मक बदल केल्यास त्यावरील खर्चाच्या वार्षिक १५ टक्क्यांपर्यंत जादा वाढ घेता येते, पण त्यासाठी ७० टक्के भाडेकरूंची लेखी संमती लागते. भाड्याची पावती देणे मालकावर बंधनकारक आहे. भाडे थकले म्हणून पाणी किंवा वीज तोडणे बेकायदेशीर आहे.

प्राप्तिकर

घरभाड्याच्या उत्पन्नातून प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी वजा केल्यानंतर उरलेल्या रकमेच्या ३० टक्के सरसकट वजावट मिळते. वरील उदाहरणात मिळालेले ४४,००० रुपये वजा घरपट्टी २,००० म्हणजे ४२,००० रुपये. त्यावर १२,६०० रुपयांची वजावट मिळून करपात्र उत्पन्न २९,४०० रुपये ठरते. दुरुस्तीवर प्रत्यक्षात किती खर्च झाला याचा या वजावटीशी संबंध नसतो.

घर रिकामे करून घेणे

राहण्यासाठी दिलेल्या जागेच्या लिव्ह अँड लायसन्स कराराची मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्याविरुद्ध कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. जागा न सोडलेल्या काळासाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट रक्कम आकारता येते. ही प्रक्रिया दिवाणी दाव्यापेक्षा जलद असली तरी तिचा आधार लेखी करार हाच असतो. घर ताब्यात देताना भिंती, छप्पर, मीटरचे वाचन, टाकी, पंप आणि दारे-खिडक्या यांची दिनांकित छायाचित्रे दोघांकडेही ठेवावीत. अनामत रक्कम परत करतानाचे बहुतेक वाद हे डाग आधीचा की नंतरचा, एवढ्याच प्रश्नाचे असतात. बदली होऊन जाणाऱ्या भाडेकरूची अनामत त्याच दिवशी परत मिळाली, तर त्याच्या जागी येणारा सहकारी अनेकदा तेच घर घेतो आणि घर रिकामे राहत नाही.